स्टँडवरून बेल्ह्यापर्यंत

आमच्या घरमालक चाचांइतकी सावकाश स्कूटर चालवणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजवर झाला नाही, आणि हल्लीच्या पोरांच्या गाड्या बघता पुढे होईल असं काही लक्षणही दिसत नाही. हे मी कौतुकानं फुगवून लिहीत नाही. एकदा शिनोलीच्या रस्त्याला लग्नाची वरात त्यांच्या मागून आली, शेजारी आली, आणि बँडवाल्यानं तोंडातली पिपाणी काढून अदबीनं विचारलं, "चाचा, जाऊ का फुडं?" मागच्याला वाट देण्याची रीत म्हणजे उजवा हात बाहेर काढून मागून पुढे हलवायचा. चाचांनी तो काढला. पण अ‍ॅक्सिलरेटर त्याच हातात, त्यामुळे हात काढल्याबरोबर गाडी गचका खाऊन बंद पडली. नवरदेव घोड्यावरून, वऱ्हाडी नाचत, आणि शेवटी आहेराच्या भांड्यांची बैलगाडी, अशी सगळी वरात निघून गेली तरी चाचांचा हात हवेतच होता. "शेवटचा मानूस जाईस्तवर हात खाली घ्यायचा न्हाई," असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. ही हकिकत सांगताना त्यांना हसू येत नसे. हसू आम्हाला येई, आणि मग ते आमच्याकडे ब्रेक नसलेल्या गाडीकडे बघावं तसं बघत.

चाचांचा धंदा पत्र्याचा. बादल्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, दुधाची मापं, सगळं ते जुन्नरच्या त्या अरुंद बोळातल्या घरी अंगणात बसून हातानं करायचे आणि बेल्ह्याच्या बाजाराला नेऊन विकायचे. बाजार बैलांचा, पण बैल घ्यायला आलेला माणूस त्याला पाणी पाजायला बादली नेणारच, असा त्यांचा पक्का समज होता आणि तो बहुतेक वेळा खराही ठरे. स्कूटरच्या मागे, पायांपाशी, हँडलला भांडी बांधून ते निघाले की गाडी दिसण्याच्या बरंच आधी तिचा आवाज पोचायचा. स्कूटर जुन्या जमान्यातली, हातात गिअर असलेली, मोरपंखी रंगाची. तिला ते कधी गाडी म्हणत नसत, "ही" म्हणत. "आज हिला सर्दी झालीय, उठंना," असं ते अंगणातून म्हणाले की आतून चाची ओरडायच्या, "मला काय बी झालं न्हाई हो! गाडीला झालीय!" म्हणजे शेजाऱ्यांचा गैरसमज नको.

तिला सुरू करणं हा एक सोहळा होता आणि त्यातली एकही पायरी गाळलेली चाचांना चालत नसे. आधी दोन्ही चाकांवर आणि मागे बांधलेल्या स्टेपनीवर बोटाच्या पेरानं टकटक करून हवा ऐकायची. मग दोन्ही आरसे रुमालानं पुसायचे. मग खाली वाकून, आदल्या दिवशी गाडी लावताना बंद केलेला पेट्रोलचा कॉक उघडायचा, गाडी जरा एका अंगाला कलती करून मनात पाच आकडे म्हणायचे, सरळ करायची, चोक ओढायचा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हलवून बघायचं, आणि मग किक. "किक म्हंजे लाथ न्हाई, बेटी," ते म्हणायचे. "लाथ मारली तर कोन उठंल? पाय ठेवायचा, वजन द्यायचं, आन् ही आपसूक उठती." ती उठे. निम्म्या वेळेला तिसऱ्या किकला, पण चाचा पहिल्या दोन मोजत नसत. त्या तिला जागं करण्यासाठी असत.

हेल्मेट घालणारा आमच्या बाजूचा पहिला माणूसही तेच. तेव्हा हेल्मेट म्हणजे सिनेमातल्या माणसांनी घालायची वस्तू होती. पोरं बोळात "चाचा, चंद्रावर निघाले का?" असं विचारायची, त्यावर चाचा काच वर करून शांतपणे "न्हाई, बेल्ह्याला" असं सांगायचे. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट त्यांनी स्वतःच बनवलं होतं, जाड पत्र्याचं, आतून जुन्या गोधडीचं अस्तर शिवलेलं. ते चाचींसाठी. चाचींनी ते एकदाच घातलं, घोडेगावला भाचीच्या लग्नाला जाताना, आणि तिथं पोचल्यावर सगळ्या बायकांनी ते पातेलं समजून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तेव्हापासून चाची एस.टी.नं जायच्या आणि चाचांच्या आधी तासभर पोचायच्या.

आणि पाट्या! रस्त्यावर असतात त्या सगळ्या खुणा चाचांनी पत्र्यावर रंगवून घरात लावल्या होत्या. बोळातून अंगणात शिरताना "पुढे अरुंद रस्ता", मोरीजवळ "रस्ता निसरडा आहे", त्यांच्या बाजेच्या डोक्याशी "हॉर्न वाजवू नये", आणि स्वयंपाकघराच्या दारावर लालभडक आठकोनी "थांबा". हेतू असा, की माणसाला खुणा रोज दिसल्या पाहिजेत. पण चाचींनी तो शेवटचा पत्रा मनावर घेतला. चाचा चहा मागायला आत शिरले की त्या उलथनं वर करून पाटी दाखवायच्या आणि चाचा खरंच उंबऱ्याशी थांबायचे. कायदा तो कायदा.

अशा माणसाच्या घरात मी भाडेकरू म्हणून आले, हे माझं नशीब. मी मूळची नांदेडकडची. शिक्षण सातवीपर्यंत, आठवीची पुस्तकं घेतली होती, पण ती धाकट्या भावाच्या कामी आली. जुन्नरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं म्हणून मी एवढ्या लांब आले आणि अंगणाच्या कडेची खोली घेतली. दोन वर्षांनी ते वसतिगृह बंद झालं. आता पुढे काय? गावी भावाचं घर होतं, पण तिथं परत गेलं की ज्या स्थळाला मी नाही म्हणून इकडे आले होते तेच स्थळ दारात बसलेलं असणार, हे मला पक्कं माहीत होतं. तेवढ्यात वसतिगृहाच्या म्हशीला तपासायला येणारे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मला मदतनीस हवी आहे. मृगाच्या आत गावोगावच्या मेंढरांना लस टोचायची आहे. बर्फाच्या डब्यात लस घेऊन फिरावं लागेल, नोंद ठेवावी लागेल. तुमचं अक्षर चांगलं आहे. पण गाडी यायला हवी. महिनाभर थांबतो. महिन्यानंतर मी तुमच्या मागे बसून निमगाव सावाला जाईन. नीट पोचलो तर काम तुमचं. नाहीतर दुसऱ्या कुणाला बघतो."

मला सायकलसुद्धा येत नव्हती.

चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते बादलीचा कान ठोकत होते. हातोडी थांबली. ते म्हणाले, "एक महिना कमी हाय. पन आपन उद्यापास्नं निघू." मला वाटलं उद्यापासून शिकवू असं म्हणायचंय. नाही, त्यांना निघू असंच म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर अंगणाच्या मध्यभागी स्टँडवर लावली, स्टँडखाली लाकडी फळी सारली म्हणजे मागचं चाक हवेत राहील, मला हेल्मेट घातलं, पदर कमरेला खोचून त्याचं टोक दोनदा तपासलं ("चाकानं पदर वढला की मानूस संगं जातंय"), आणि समोर एक डबा उपडा टाकून बसले. "चल. बेल्ह्याला जायचंय." मी म्हटलं, "चाचा, गाडी स्टँडवर आहे." ते म्हणाले, "मग पडायची भीती न्हाई. चल."

आणि आम्ही गेलो. नऊ दिवस आम्ही अंगणातल्या अंगणात बेल्ह्याला जात होतो. डाव्या हातात क्लच, तो पूर्ण दाबल्याशिवाय मूठ फिरवायची नाही. मूठ वर केली की पहिला, मग खाली न्यूट्रल, त्याच्या खाली दुसरा, तिसरा, चौथा. उजव्या मुठीत रेस, उजव्या बोटांत पुढचा ब्रेक, उजव्या पायाखाली मागचा. माझा डावा पाय तेवढा बेकार होता, त्याचा मला हेवा वाटायचा. चाचा डब्यावर बसून रस्ता सांगत. "नारायनगाव आलं. टमाट्याचे ट्रक उभे हायती, हळू घे. कुत्रं आलं. मागचा ब्रेक, मागचा! फुडचा एकला दाबलास तर तू फुडं आन् गाडी मागं. हां. आता आळेफाटा. उजवा हात दाव. आरसा बघितलास? आरसा न बघता हात दावनं म्हंजे बघितल्याबिगर हो म्हननं." मी आरशात बघायची. आरशात चाची तांदूळ निवडत असायच्या.

सगळ्यात जास्त वेळ मेंढरांवर जायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस मेंढरांचे कळप रस्त्यानं जातात, आणि कळप दिसला की जो तो हॉर्नवर अंगठा ठेवतो. चाचांच्या मते ती सगळ्यात मोठी चूक. "हॉर्न वाजला की मेंढरू कळपात घुसतं, कळप घट्ट व्हतो, आन् मग तुला वाट न्हाई आन् त्यालाबी न्हाई. मेंढरं दिसली की कडेला घ्यायचं, बंद करायचं, पाय टेकायचे. ती पान्यावानी तुझ्या दोनी अंगांनी निघून जात्यात." हे दाखवायला त्यांनी एकदा शेजारच्या घरातल्या सात शेळ्या अंगणात सोडल्या. शेळ्या पाण्यासारख्या निघून गेल्या नाहीत. त्यांतल्या एकीनं माझी चप्पल नेली आणि एक चाचींच्या तांदळात उभी राहिली. "शेळी येगळी," चाचा एवढंच म्हणाले.

बोळाला आयतीच करमणूक झाली. येताजाता बायका भिंतीवरून डोकावायच्या, "काय बाई, कुठवर पोचल्या?" मी लाजून म्हणायची, "आळेफाटा." "आन् काल?" "कालपण आळेफाटाच." समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं तर एकदा खरंच येऊन सांगितलं, "पावनं, बेल्ह्याला चाललाच हाय तर माझं एक काम व्हतं." चाचा गंभीरपणे म्हणाले, "आज डब्बल सीट न्हाई. उद्या इचार." मला मात्र हसू येत नव्हतं. मी रात्री झोपताना दिवस मोजायची. महिन्यातले नऊ गेले आणि मी अजून एक वीतभरही पुढे सरकले नव्हते.

दहाव्या दिवशी चाचांनी गाडी स्टँडवरून काढली. बाजार नसलेल्या दिवशी रिकामं असणारं बाजारतळ गाठलं, आणि मी पहिल्यांदा खरी चालवली. म्हणजे क्लच एकदम सोडला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चाचा धावत आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "झालं का? आता सावकाश सोड. दार लावताना लावतो तसं, पावनं झोपलंय असं समजून." पहिल्या तीन दिवसांत मी दोनदा पडले, एकदा उभ्यानं आणि एकदा बाभळीत. दर वेळी चाचा आधी मला विचारायचे, लागलं का, आणि मग गाडीला काही न विचारता तिच्यावरची धूळ पुसायचे. मला एवढं बरं वाटायचं. आमच्या घरी काही सांडलं, फुटलं तर आधी वस्तूची चौकशी व्हायची.

एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. त्या महिन्यात चाचा स्वतः बाजाराला गेले नाहीत. भांडी टेंपोनं पाठवली. मी म्हटलं, माझ्यामुळे खोळंबलात का, तर म्हणाले, "बाजार काय पळून जातो का?" मला वाटलं, केवढा मोठा माणूस! मी अशी, दुसऱ्याचं काही घेतलं की ते कसं फेडू याच काळजीत राहणारी. त्या काळजीत मला पुढचं काही दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर सकाळी आठला दारात आले. खांद्याला बर्फाचा डबा, पायात बूट, कपाळावर घाई. चाचांनी त्यांच्या हातात पत्र्याचं हेल्मेट दिलं. डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे?" चाचा म्हणाले, "तुमचं डोकं, साहेब." डॉक्टर एवढे शिकलेले, पण चाचांच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी ते मुकाट्यानं घातलं. मी गाडीवर बसले. नऊ दिवसांचा सराव अंगात भिनलेला, एकेक गोष्ट आपोआप होत गेली. कॉक, चोक, न्यूट्रल, किक. आरसा. उजवा हात दाखवला, क्लच दाबला, पहिला टाकला, पाहुणा झोपलाय असं समजून क्लच सोडला, रेस दिली. गाडी छान गुरगुरली. मी दुसरा टाकला. मग तिसरा. वाऱ्याचं काही जाणवेना तेव्हा मला शंका आली.

"बाई," शेजारून डॉक्टरांचा आवाज आला, "एक तर मी अजून बसलेलो नाही. आणि दुसरं, गाडी स्टँडवर आहे."

भिंतीपलीकडून बायकांचं हसू फुटलं. गिरणीवाला म्हणाला, "पोचल्या, पोचल्या! आळेफाट्याला पोचल्या!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परतीची एस.टी. मला स्पष्ट दिसायला लागली, खिडकीची जागासुद्धा. चाची उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघून ओरडल्या, "हसता काय? तुमी कुनी बसून दावा!" भिंतीवरची डोकी खाली गेली. चाचांनी फळी काढली, गाडी स्टँडवरून ढकलली, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर केलंस सगळं. फकस्त स्टँड ऱ्हायला. तो माझ्यामुळं ऱ्हायला, सकाळी तपासायला फळी मीच घातली व्हती. जा."

मी गेले. नारायणगाव आलं, टोमॅटोचे ट्रक आले, कुत्रं आलं. चाचांनी डब्यावर बसून सांगितलेलं सगळं एकेक करून खरंच रस्त्यावर येत होतं, आणि मला वाटायला लागलं की मी या रस्त्यानं शंभर वेळा गेलेय. मागून डॉक्टर दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "जरा पळवा हो. बर्फ वितळतोय." मी वेग वाढवला, पण चाचांच्या पलीकडे नाही. निमगाव तीनेक किलोमीटर राहिलं असेल, वळणावरून समोर अख्खा रस्ता पांढरा-काळा झाला. मेंढरं. दीडशे-दोनशे असतील. पुढे काठी घेतलेला म्हातारा मेंढपाळ, मागे घोड्यावर संसार.

"हॉर्न द्या," डॉक्टर म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली.

"बाई, हॉर्न द्या! अर्धा तास जाईल इथं. लस गरम झाली तर कुणाच्या उपयोगाची?"

माझा अंगठा हॉर्नवर होता. हे माझं काम ठरवणारे साहेब. त्यांचं ऐकलं नाही तर काम गेलं, आणि ऐकलं तरी अंगणातला तो नऊ दिवसांचा रस्ता गेला. मी गाडी बंद केली. पाय टेकले. म्हटलं, "नाही साहेब. मला असं शिकवलेलं नाही." हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही कळत नाही. मी आजवर कुणाला एवढं सरळ नाही म्हटलं नव्हतं. लग्नालासुद्धा मी नाही म्हटलं ते एस.टी.त बसून.

पत्र्याच्या हेल्मेटच्या आत डॉक्टरांचा श्वास वाजत होता. मेंढरं आली. आणि खरंच, आमच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली. त्यांची लोकर माझ्या पोटऱ्यांना घासत होती. म्हातारा जवळ आला, डॉक्टरांच्या डोक्यावरच्या भांड्याकडे जरा बघितलं, आणि मला म्हणाला, "बरं झालं बया थांबलीस. मागची समदी गाभन हायती. परवा एका टेंपोवाल्यानं भोंगा वाजिवला, तवा धावून धावून दोन मेंढ्या गाभडल्या माझ्या, पोटातली कोकरं गेली."

डॉक्टर गाडीवरून उतरले. हेल्मेट काढलं, काखेत धरलं, आणि शेवटची मेंढी जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग पुन्हा बसले. निमगावला पोचेपर्यंत बर्फाचं नाव निघालं नाही. संध्याकाळी मी त्यांना परत जुन्नरला सोडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्यापासून या. स्कूटर घेऊन या."

स्कूटर घेऊन या! हा विचार मी महिनाभर केलाच नव्हता. शिकायच्या घाईत मी विसरून गेले होते की स्कूटर माझी नाही. घरी आले तर चाचा ओट्यावर, चाची उंबऱ्यात. मी काम मिळाल्याचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, आणि पुढचं गिळून टाकलं. एवढं घेतल्यावर आणखी मागायला तोंड कुठून आणायचं? चाचींनीच विचारलं, "आन् फिरनार कशावर? बादलीवर?"

चाचा हसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी शिकायला लागायच्या आधीच्या बाजारी ते बेल्ह्याहून परत येत होते. वाटेत समोर मेंढरं दिसली. त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, पाय टेकले. मेंढरं काही हलेनात. चाचा थांबले. पंधरा मिनिटं थांबले. शेवटी मागून एक टेंपोवाला आला, वाकून म्हणाला, "चाचा, कोनाची वाट बघताय? त्या खताच्या गोन्या हायती."

"गोन्यांना रस्ता दिला मी, बेटी," चाचा म्हणाले. चाची पदर तोंडाला लावून हसल्या, चाचाही हसले, आणि मग दोघंही हळूहळू हसायचे थांबले. "आज गोनी मेंढरावानी दिसली, ते ठीक. उद्या मेंढरू गोनीवानी दिसलं तर? आशा मानसानं रस्त्यावर जाऊ नये. मी तवाच ठरीवलं. पन हिला कोनाच्याबी हातात कशी देऊ? आन् देत न्हाई मी. सांभाळायला देतो." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, उठून आत गेले. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, चाचींनी उलथनं न दाखवताच.

त्यानंतर सहा वर्षं मी ती स्कूटर चालवली. गावोगावी फिरले, पक्कं लायसन काढलं, भावाला पत्र लिहून तसं कळवलं. त्यानं उत्तरात "सावकाश चालव" एवढं लिहिलं, आणि ते स्थळ पुढे कधी निघालं नाही. चाचांची नजर हळूहळू गेली, पण कान शाबूत होते. मी कामावरून परतताना बोळाच्या तोंडाशी चढ आहे, तिथं गिअर कमी करावा लागतो. चाचा ओट्यावर बसून ते ऐकत. मी गाडी लावेपर्यंत निकाल तयार असे. "आज दुसरा उशिरा टाकलास. ही धापली." किंवा "चोक आत ढकलायचा इसरलीस, हो ना?" कधी दमून आलेली असायची, वैतागायची, म्हणायची, "चाचा, घरात तर येऊ द्या!" ते म्हणायचे, "ये की. मी काय रस्ता अडवलाय?" फार खूश असले तर काहीच म्हणत नसत. ते काही म्हणाले नाहीत की मी समजायची, आज बरोबर आले.

चाचा गेले त्याच्या आठ-दहा दिवसांनंतरची गोष्ट. मी बेल्ह्याकडून परत आले. बोळाच्या तोंडाशी चढ आला आणि मी मुद्दाम गिअर कमी केला नाही. चौथ्यातच गाडी वर ओढली. ती खोकली, थरथरली, बंद पडायला आली, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा आवाज केला तिनं. मी अंगणात आले, गाडी लावली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. ओटा रिकामा होता. आतून चाचींनी विचारलं, "कोन हाय?" मी म्हटलं, "मीच." आणि मग उतरून, वाकून, पेट्रोलचा कॉक बंद केला.